तेरा तारखेचा शुक्रवार आणि अडकलेली ऊसबिलं

१९९१च्या डिसेंबरात मी पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांचे कॉम्प्युटर सांभाळायचो. गळीत हंगाम ऐन भरात होता. १३ तारखेला, शुक्रवारी सकाळी, एका कारखान्याच्या हिशेब खात्यातून ऑपरेटरचा फोन आला.

"साहेब, बिलांचं फॉक्सप्लस काल रात्रीपर्यंत चालत होतं, आज फाइलच नाही म्हणतंय. म्हणून पत्रं लिहायचं वर्डस्टार लावून बघितलं, तेही गेलं. मग फाइल दुरुस्तीचं नॉर्टन लावलं, तर तेपण गायब! पंधरवड्याची ऊसबिलं आज निघायची आहेत हो."

"आता काहीही लावून बघू नका," मी सांगितलं. "मशीन बंद करा आणि मी येईपर्यंत हात लावू नका."

तारीख आणि वार जुळल्यामुळे संशय जेरुसलेम व्हायरसवरच होता. १९८७ साली तो जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात सापडला आणि फ्लॉप्यांवरून जगभर पसरला. बाधित प्रोग्राम एकदा चालवला की तो मेमरीत ठाण मांडतो आणि पुढे जो प्रोग्राम सुरू कराल त्याला चिकटतो. १३ तारखेला शुक्रवार असला की मात्र चिकटत नाही. त्या दिवशी जो प्रोग्राम सुरू कराल तो थेट पुसतो. म्हणजे काय बिघडलंय ते बघायला माणूस जितके प्रोग्राम लावून बघेल, तितके त्याच्याच हातून जातात. या व्हायरसची मला सर्वात जास्त चीड येते ती याचीच.

कारखान्यात पोहोचलो तेव्हा मुख्य लेखापाल दारातच उभे होते. त्यांना पहिली धास्ती सभासदांच्या उसाच्या वजनांची. माझ्या स्वच्छ, वर काही लिहिलं जाऊ नये म्हणून खाचेवर स्टिकर लावलेल्या फ्लॉपीवरून मशीन सुरू केलं. माहिती साठवणाऱ्या डीबीएफ फाइली जशाच्या तशा होत्या, बिलांचे पीआरजी, म्हणजे फॉक्सप्लसला दिलेल्या सूचनांच्या फाइली, त्याही शाबूत. हा व्हायरस कॉम आणि एक्झे, म्हणजे थेट चालणाऱ्या प्रोग्रामच्या फाइलींच्याच मागे असतो. "म्हणजे वजनं आहेत ना?" त्यांनी दोनदा विचारलं. आहेत म्हटल्यावर ते खुर्चीत बसले.

"पुसलेली फाइल परत आणता येते म्हणतात ना?"

"येते. पण ती व्हायरससकट येईल."

शेजारच्या टेबलावर जुनी एक्सटी, म्हणजे सुरुवातीच्या पिढीतला पीसी होता आणि तिच्यावरचं सगळं व्यवस्थित चालत होतं. तिला बॅटरीचं घड्याळ नव्हतं. सुरू करताना ती तारीख विचारायची, पोरं नुसतं एंटर दाबायची, आणि मशीनच्या लेखी १ जानेवारी १९८० उजाडायचा. तेवढ्यावर ती वाचली होती, पण व्हायरस तिच्यातही होताच. ऑपरेटर म्हणाला, "अर्ध्या तासानं ही लई स्लो होते आणि डावीकडं काळा चौकोन येतो. आम्हाला वाटलं मॉनिटरच गेलाय." जेरुसलेमची ही नेमकी खूण.

तिच्यावर फाइलींची यादी दाखवणारी डीआयआर कमांड दिली. कॉम फाइली १८१३ बाइटनं वाढलेल्या होत्या, त्याही एकदाच. फाइलीच्या शेवटी एम, एस, डी, ओ, एस ही पाच अक्षरं दिसली की व्हायरस ती फाइल सोडून देतो. एक्झे फाइलींच्या बाबतीत त्याची ही तपासणी फसते, त्यामुळे प्रत्येक वेळी चालवलं की आणखी १८०८ बाइट चढतात. रोज लागणारी एक छोटी एक्झे इतकी फुगली होती की मूळ प्रोग्राम तिच्यात थोडाच उरला होता. अशी फाइल शेवटी मेमरीत मावेनाशी होते. ज्या एक्झेच्या पोटात ओव्हरले, म्हणजे लागतील तेव्हाच मेमरीत आणायचे तुकडे असतात त्यांचं नुकसान तर आणखी वाईट: व्हायरस फाइलीच्या सुरुवातीच्या हेडरमधली लांबी खरी मानून मधेच लिहितो, आणि त्याच्याखाली गेलेला भाग स्वच्छ करणाऱ्या प्रोग्रामलाही परत आणता येत नाही. म्हणून मी साफसफाईच्या भानगडीत पडलो नाही, बाधित प्रोग्राम सरळ पुसले.

फॉक्सप्लसच्या मूळ फ्लॉप्या लेखापालांच्या कपाटात निघाल्या, प्रत्येकीच्या खाचेवर स्टिकर तसाच. त्या माणसाचे किती आभार मानावेत! मॅकॅफीच्या व्हायरस शोधणाऱ्या स्कॅननं त्या तपासल्या, स्वच्छ होत्या. मशीन चालवणारी मूळ प्रणाली डॉस आणि फॉक्सप्लस नव्यानं टाकलं, बिलांचा पीआरजी लावला आणि दिवेलागणीला प्रिंटर सुरू झाला.

बिलं छापत असताना आम्ही फ्लॉप्यांचे डबे तपासायला घेतले. खेळांच्या जवळजवळ सगळ्याच फ्लॉप्या बाधित निघाल्या. कारखान्याच्या गावोगावच्या गट कार्यालयांतही त्याच फिरत होत्या, आणि पुढचा असा शुक्रवार होता १३ मार्च १९९२. लेखापालांनी त्याच रात्री जीपच्या ड्रायव्हरला निरोप दिला, की सकाळी प्रत्येक गटातून डबे गोळा करून आणायचे.