‘आता कोण घेतं?’

“हार्डवेअर रेड आता कोण घेतं, साहेब?” लॅमिंग्टन रोडवरचा तो मुलगा एवढंच म्हणाला, तेही हसून. जेवताना आठवलं. आता झोपायच्या वेळी पुन्हा.

कोण घेतं म्हणजे? मी घेतो. अनेक डिस्क एकत्र बांधायच्या, म्हणजे एखादी मेली तरी माहिती सहसा वाचते, हे रेड; आणि ते काम वेगळ्या कार्डाकडे दिलं की हार्डवेअर रेड. वीज गेली तरी डिस्कवर उतरायचं राहिलेलं बॅटरीच्या जोरावर धरून ठेवणारं कार्ड मला बरं वाटतं. बॅटरी थकली की तेच कार्ड मुकाट्यानं राइट-थ्रूवर येतं, म्हणजे प्रत्येक गोष्ट डिस्कवर उतरेपर्यंत थांबतं, आणि अख्खं ऑफिस ‘सर्व्हर स्लो आहे’ म्हणत माझ्या टेबलापाशी जमतं, हेही खरं. पण ते त्याला कशाला सांगू?

खोक्यावर ‘लिनक्स सपोर्ट’ आणि आत कुठल्याशा जुन्या कर्नलपुरता, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या जुन्या आवृत्तीपुरता, बांधलेला ड्रायव्हर, हे दिवस आम्ही काढलेत. मदरबोर्डवरचं फुकटचं रेड, ज्यात सगळी हमाली सीपीयूच करतो, तेही पाहिलं. डेलचं जुनं रेड कार्ड, पर्क, साध्या बोर्डात बसवायचं तर बी५ आणि बी६ या दोन पिना चिकटपट्टीनं झाकायच्या, नाहीतर काही बोर्ड उठतच नाहीत. नखाएवढा तुकडा, तो सरळ बसवताना श्वास रोखायचा. ड्रायव्हर कर्नलमध्येच मिळायचा म्हणून थ्रीवेअर कंपनीचं कार्ड धरलं. ती कंपनी २००९ मध्ये एलएसआयकडे गेली, एलएसआय २०१४ मध्ये अवागोकडे, आणि २०१६ मध्ये अवागोनं ब्रॉडकॉम घेऊन नावही तेच लावलं. मी अजून ‘एलएसआयचं बघ’ असंच म्हणतो. एलएसपीसीआय या, मशीनमधली कार्डं दाखवणाऱ्या कमांडमध्ये १०००:००५डी दिसलं की ३१०८ चिप, मेगारेड-सास ड्रायव्हर, डोळे झाकून घे. सगळं तोंडपाठ, आणि विचारायला कुत्रं येत नाही. मनोज असता तर... जाऊ दे.

कोण घेतं म्हणे!

मघाशी त्याला खोटं पाडायचं म्हणून कागद घेऊन बसलो. कार्ड मेलं तर डिस्क धडधाकट असूनही उपयोग नाही, मेलेल्याच्या गोतावळ्यातलं दुसरं कार्ड शोधत फिरा. एमडीअ‍ॅडमच्या, म्हणजे लिनक्सच्या स्वतःच्या सॉफ्टवेअर रेडच्या, डिस्क कुठल्याही लिनक्स मशीनला लावल्या की उभ्या राहतात. स्मार्टची, म्हणजे डिस्कच्या तब्येतीची, माहिती काढायची तर कार्डाच्या पाठीमागच्या डिस्कला नंबरानं हाक मारावी लागते. डिस्क स्वतःच सांभाळणारी फाइल सिस्टिम वापरणाऱ्या झेडएफएसवाल्यांना तर मध्ये कुणी नकोच असतं. खोडून खोडून पाहिलं, तरी पारडं पोराकडेच झुकलं. हसू आलं, काय करणार!

तेव्हा घ्यायचं ते ३००८ चिपचं साधं एचबीए, आयटी फर्मवेअरवालं, म्हणजे रेड न करता डिस्क जशाच्या तशा सिस्टिमपुढे ठेवणारं कार्ड. एमपीटी३सास ड्रायव्हर कर्नलमध्ये आहेच. शेजारी एक पंखा मात्र हवा, हीटसिंकला बोट टेकवत नाही इतकं तापतं.

अडचण एकच. मंजुरीच्या कागदावर ‘रेड कार्ड’ असं टाइप होऊन गेलंय. उद्या अकाउंट्समध्ये कुलकर्णी मॅडम चष्म्यावरून बघत विचारणार, रेड न करणाऱ्या कार्डाला एवढे पैसे कशाला? चला, कुणीतरी विचारेल तरी. अर्धा तास सांगीन म्हणतो.