नळी कधी काढणार?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते, नाहीतर हा प्रश्न मी दहा-अकरा वर्षं हसण्यावारी नेत आलेय. पतसंस्थेत पासबुक भरून घ्यायला आलेल्या काकू काउंटरवर वाकून विचारतात. लग्नात पंगतीला शेजारी बसलेली मावशी विचारते. माझ्या मानेवर कातडीखाली जी दोऱ्यासारखी रेघ दिसते, ती पहिल्यांदा बघणारा प्रत्येक जण विचारतो. “मग आता ती नळी कधी काढणार?” हाड मोडलं की रॉड घालतात आणि वर्षा-दीड वर्षाने काढतात, तसं काहीसं लोकांच्या मनात असतं.

नाही काढणार. मेंदूत साचणारं पाणी पोटात नेणारी ही नळी काढायची म्हणून घातलेलीच नाही.

2014 च्या पावसाळ्यात मी वीस वर्षांची होते, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. संध्याकाळी ताप यायचा, सकाळी डोकं दुखायचं. टायफॉइड म्हणून दोन आठवडे औषध झालं. मग उलट्या सुरू झाल्या, आणि एके दिवशी मी आईला “तुम्ही कोण?” असं विचारलं म्हणे. मला ते आठवत नाही, आई मात्र अजून विसरलेली नाही. मणक्यातून पाणी काढून तपासलं तेव्हा कळलं की मेंदूच्या आवरणाला टीबी झालाय. गावात आम्ही आजवर “मेंदूत पाणी झालं होतं” एवढंच सांगितलं. टीबी हा शब्द मी आज पहिल्यांदा लिहितेय. वर्षभर गोळ्या खाल्ल्या. त्यातल्या एकीने लघवी केशरी होते हे कुणी आधी सांगितलं नव्हतं, त्यामुळे पहिल्या दिवशी संडासात बसून मी रडले होते.

“मेंदूत पाणी झालं” हे तसं खोटंही नाही. मेंदूत पाणी सगळ्यांच्याच असतं. मोठ्या माणसात रोज साधारण 500 मिलि तयार होतं, दुधाच्या अर्ध्या लिटरच्या पिशवीएवढं. पण एका वेळी आत असतं ते 150 मिलिच्या आसपास, म्हणजे तेच पाणी दिवसातून तीन-चार वेळा बदलतं. मेंदूतल्या पोकळ्यांमध्ये ते तयार होतं, बाहेर येऊन मेंदूभोवती फिरतं आणि रक्तात जिरतं. टीबीत मेंदूच्या तळाशी चिकट स्राव साचतो आणि वाट बंद होते. पाणी तयार व्हायचं थांबत नाही, जायचं थांबतं. पोकळ्या फुगतात आणि कवटी काही ताणत नाही. मग कवटीला भोक पाडून पोकळीत एक बारीक सिलिकॉनची नळी सोडतात. कानामागे झडप असते आणि तिथून मान, गळ्याचं हाड, छाती असं कातडीखालून नेऊन तिचं दुसरं टोक पोटात सोडतात. पोट ते पाणी शोषून घेतं. शंट म्हणतात तो हा.

आमची तासगावकडे द्राक्षबाग आहे. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं तेव्हा अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकच विचारलं, “फिल्टर कुठं हाय हिला?” फिल्टर नसतो. अण्णा गप्प झाले. ठिबकला फिल्टर असूनही क्षाराने ड्रीपर चोक होतात, वर्षातून दोनदा अ‍ॅसिड सोडावं लागतं, हे त्यांच्या डोक्यात असणार.

आणि झालंही तसंच. पहिलं ऑपरेशन ऑगस्टमध्ये झालं. केशरी रेशनकार्डावर जीवनदायी योजनेत बसलं. नोव्हेंबरात वरचं तोंड बंद पडलं. टीबीच्या पाण्यात प्रथिनं जास्त असतात, नळी तुंबायला तेवढं कारण पुरतं. लहान मुलांना बसवलेल्या शंटपैकी जवळपास निम्मे दोन वर्षांच्या आत बिघडतात हे मला पुढे कळलं. तेव्हा आम्हाला वाटलं, आमच्याच नशिबी आलं. अण्णांना तर वाटलं की आपण स्वस्तातली नळी घालायला हो म्हटलं म्हणून झालं. तो विचार त्यांनी वर्षभर कुणाला बोलून दाखवला नाही. बोलले तेव्हा सर्जनने त्यांना बसवून सांगितलं की भारतात बनलेली स्वस्त नळी आणि महागडी परदेशी नळी यांची तुलना युगांडातल्या 195 मुलांवर झालीय, 2005 साली ती छापूनही आली, आणि वर्षभरात दोन्हींत म्हणावा असा फरक पडला नाही. अण्णांना युगांडा कुठे आहे ते माहीत नव्हतं. पण त्या रात्री ते जेवले नीट.

जानेवारीत जंतुसंसर्ग झाला. नळी बसवल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत त्याचा धोका सगळ्यात जास्त असतो. अशा वेळी जुनी नळी काढून टाकावी लागते. तर हो, एकदा काढली होती, असं उत्तर मी देऊ शकते. फक्त तेव्हा डोक्यातून बाहेर काढलेली दुसरी नळी उशाशी खांबावरच्या पिशवीत पाणी सोडत होती. चौदा दिवस.

त्या चौदा दिवसांचं थोडं सांगते. पिशवी किती उंचीवर टांगायची हे माझ्या कानाच्या भोकापुढच्या उंचवट्यावरून ठरायचं. पिशवी खाली गेली तर पाणी भसाभस येणार, वर गेली तर थांबणार. मला उशी बदलायची असली तरी आधी सिस्टरनी येऊन चावी बंद करायची, मी हलायचं, मग पुन्हा लेव्हल लावायची. पहिल्या दिवशी सिस्टर ती लावत असताना अण्णा दारातून बघत होते. म्हणाले, “ही तर गवंड्याची पाणसळ.” तेव्हापासून त्या वॉर्डात माझी लेव्हल सगळ्यात अचूक असणार, कारण दर वेळी अण्णा एक डोळा मिटून खात्री करायचे. ते फवारणीची डायरी घेऊन आले होते. ती डायरी अजून घरात आहे. एका पानावर द्राक्षावरच्या डाऊनी रोगाचं औषध, लिटरला किती ग्रॅम. पुढच्या पानावर “स. 6 – 10 मिलि, 7 – 12 मिलि, 8 – 9 मिलि.” आई आकड्यांच्या वाटेला गेली नाही. ती पिशवी उजेडाकडे धरायला लावायची आणि सांगायची, “कालच्यापेक्षा निवळ आहे.” लॅबचा रिपोर्ट नंतर तेच सांगायचा.

मग डाव्या बाजूने नवी नळी बसवली. डोकं आलटून पालटून दोन्हीकडून भादरलं गेलं, त्यामुळे वर्षभर माझा भांग कुठे पाडायचा हा आईपुढचा मोठा प्रश्न होता.

लोक डोक्याच्या ऑपरेशनचं दुखणं विचारतात. डोक्याच्या जखमेपेक्षा मला पोटाची जखम जास्त दुखली. हसलं की, खोकलं की. आणि नळी जिथून ओढून नेलेली असते तो गळ्यापासून बेंबीपर्यंतचा पट्टा आठवडाभर असा ठणकतो की कुणी काठीने मारलंय. खरं अवघड असतं ते उठून बसणं. उभं राहिलं की नळीचं खालचं टोक डोक्यापेक्षा दोन-अडीच फूट खाली जातं, आणि ड्रममधून डिझेल काढताना नळी एकदा ओढली की पुढे आपोआप वाहतं तसं पाणी खाली खेचलं जातं. पलंग रोज थोडा थोडा वर करत मला बसायला पाच दिवस लागले. आडवं झालं की डोकं थांबायचं, उठलं की सुरू.

डोकेदुखी दोन जातींची असते हे तेव्हा शिकले. आडवं झाल्यावर थांबते ती पाणी जास्त वाहिल्याची. आडवं झाल्यावर, विशेषतः पहाटे वाढते आणि उलटी झाली की जराशी हलकी होते ती पाणी तुंबल्याची. तिसरी जात तुमच्यासारखीच. जागरणाची, उन्हाची, चहा न मिळाल्याची. आमच्या घरात या तिसरीला “साधं” म्हणतात. “डोकं दुखतंय, पण साधं.” हे वाक्य पुरं होईपर्यंत घरातलं कुणी हलत नाही.

हे सगळं इतकं सरळ असतं तर बरं झालं असतं. फेब्रुवारी 2021 मध्ये ऐन काढणीच्या दिवसांत मला पासबुकातले आकडे दोन-दोन दिसायला लागले. डोकं फारसं दुखत नव्हतं. चिडचिड मात्र एवढी व्हायची की एका म्हाताऱ्या ठेवीदारावर मी ओरडले, आणि घरी येऊन त्याबद्दल रडले. एका दवाखान्यात डोक्याचा सीटी स्कॅन झाला. तरुण डॉक्टर म्हणाला, पोकळ्या जुन्या सीटीसारख्याच आहेत, शंट ठीक आहे. “टेन्शन घेता का? झोप होते का नीट?” वेदनाशामक लिहून दिलं. मला राग यायला हवा होता, पण खरं सांगू, मला हायसं वाटलं. टेन्शन असेल तर ऑपरेशन नाही.

आईला वाटलं नाही. ती म्हणाली, “ही तिरकी बघतीय.” दोन दिवसांनी दुसरीकडे गेलो. तिथेही सीटीवरच चर्चा सुरू झाली. अण्णा कोपऱ्यात टोपी हातात घेऊन उभे होते. ते म्हणाले, “डॉक्टर, वरचं तोंड बघितलंसा. मधली लाइन कुणी चालून बघितलीया का?”

बाग सुकायला लागली की ते हेच करतात. मोटर चालू आहे, प्रेशर आहे, तरी एका ओळीला पाणी नाही, तर नळीच्या कडेने चालत जायचं. कुठेतरी उंदराने कुरतडलेली असते नाहीतर जोड निसटलेला असतो.

डोकं, मान, छाती, पोट असे एक्स-रे काढले. एवढंच, साधे एक्स-रे. गळ्याच्या हाडाच्या वर नळी तुटलेली होती. दोन टोकांमध्ये दोन बोटांचं अंतर. नळी जुनी झाली की तिच्यावर चुना बसतो, ती कडक होते आणि मान वळवून वळवून तुटते. पोकळ्या फुगलेल्या नव्हत्या, कारण काहींचा मेंदू इतक्या वर्षांनी आतून ताठर होतो आणि दाब वाढला तरी चित्रात दाखवत नाही. हे पाचवं ऑपरेशन. डोळे जागेवर यायला दोन महिने लागले.

अण्णांना मधल्या लाइनीच्या त्या प्रश्नाचं काही विशेष वाटत नाही. मी मात्र नंतर वाचलं की 1956 साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला जॉन होल्टर नावाच्या एका कारागिराने अशीच सिलिकॉनची झडप बनवली होती. तो काही डॉक्टर नव्हता. त्याच्या बाळाच्या डोक्यात पाणी साचत होतं. अण्णांना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, “मग पोरगा?” मी सांगितलं, पाचेक वर्षं जगला. ते उठून बागेत गेले.

विसरायला होतं का, तेही विचारता तुम्ही. जुनं सगळं आठवतं. सकाळी कुणी काय सांगितलं ते जातं. पदवी दोन वर्षं उशिरा मिळाली. रोख मोजताना मी तीनदा मोजते, सगळ्यांना वाटतं मी फार काटेकोर आहे. वाटू दे.

एमआरआयचं आणि मोबाइलचं घाबरवणारे निरोप मला पाठवू नका, ही विनंती. ज्यांची झडप बाहेरून चुंबकाने कमी-जास्त करता येते, त्यांना एमआरआयनंतर ती पुन्हा तपासून घ्यावी लागते, चुंबकवाले स्पीकर कानामागे धरता येत नाहीत. माझी ठरीव दाबाची आहे. तिला चुंबकाशी काही घेणं नाही.

स्थळांचं थोडक्यात. एक चांगलं आलं होतं, मुलगाही बरा होता. आम्ही काहीच लपवलं नाही. मुलाच्या मामांनी सगळं ऐकून घेतलं, पोहे खाल्ले आणि फार समजूतदारपणे म्हणाले, “पुढच्या वर्षी नळी काढून घ्या, मग बसू.” शंट असलेल्या बायकांना मुलं होतात, फक्त शेवटच्या महिन्यांत जास्त लक्ष ठेवावं लागतं, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. मग मिटलं. हा तुमचा प्रश्न मला खरा लागला असेल तो त्या दिवशी.

परवा छाटणीच्या आदल्या दिवशी पहाटे साडेचारला डोकं दुखून जाग आली. उठून बसले. आडवी झाले. पुन्हा बसले. समोरच्या कॅलेंडरवरचे आकडे एकेकच दिसत होते. आईने दिवा लावला आणि माझ्या डोळ्यांकडे बघत उभी राहिली. मळमळ नव्हती. मग आठवलं, आदल्या दिवशी एकादशी, मी चहासुद्धा घेतला नव्हता. आईने आधण ठेवलं. अर्धा कप पोटात गेल्यावर मी म्हटलं, “साधं.”

तोवर अण्णांनी गाडी काढून दारात लावली होती, फाइलची पिशवी पुढच्या सीटवर. काढलीच आहे गाडी तर, म्हणून ते छाटणीच्या कात्र्या घेऊन धार लावायला निघून गेले.