ट्रायलच्या फील्ड टेस्टसाठी सर्टिफिकेट मिळवताना: माझा अनुभव

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, पुण्यात काचबिंदूच्या ओपीडीत बरीच वर्षं फील्ड टेस्ट करतेय, म्हणजे समोर बघत असताना पेशंटला आजूबाजूचं कुठे आणि किती दिसतं याची तपासणी; तिच्या निकालालाही आम्ही नुसतं फील्डच म्हणतो. हम्फ्री नावाचं मशीन, हनुवटी इथे ठेवा, एका डोळ्याला पट्टी, समोरच्या पिवळ्या लाइटकडे बघत राहा आणि बाजूला कुठे उजेड चमकला की बटण दाबा. त्यामुळे आमच्याकडे एका औषधाची ट्रायल आली आणि कोऑर्डिनेटर म्हणाली की फील्ड करणाऱ्याला आधी रीडिंग सेंटरचं सर्टिफिकेशन लागेल, तेव्हा जरा डोक्यात गेलं. रोज तेच करतो आम्ही, आता परत परीक्षा कसली?

रीडिंग सेंटर म्हणजे ट्रायलमधल्या सगळ्या हॉस्पिटल्सची फील्ड जिथे गोळा होतात ती जागा. पेशंटला खरं औषध चालू आहे की दुसरं काही हे तिथल्या लोकांना माहीत नसतं, ते फक्त टेस्ट नीट झालीये का आणि फील्ड बिघडलंय का एवढंच बघतात. सर्टिफिकेशनचं मॉड्यूल, म्हणजे त्यांनी दिलेला धडा, वाचता वाचता मी जुन्या ओएचटीएस (ऑक्युलर हायपरटेन्शन ट्रीटमेंट स्टडी) ट्रायलबद्दल वाचत गेले. अमेरिकेतली, 1636 लोक, 22 सेंटर्स, डोळ्याचं प्रेशर जास्त पण काचबिंदूचं नुकसान अजून नाही असे पेशंट, आणि सगळी फील्ड कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या सेंटरला जायची. त्यांनी 2000 साली छापलेला आकडा बघून मी गप्पच झाले. फील्ड खराब आलं पण विश्वासार्ह आहे असं ठरलेल्या 703 टेस्ट पुन्हा घेतल्या, तर त्यातल्या 604 मध्ये तो बिघाड परत दिसलाच नाही. जवळपास 86 टक्के! म्हणून त्यांनी मध्येच, 1997 मध्ये, नियम कडक केला, लागोपाठ दोन ऐवजी तीन फील्ड खराब आली तरच खरं धरायचं. हे वाचल्यावर माझा राग बराचसा उतरला.

तर प्रोसेस अशी. आधी मॉड्यूल, त्यावर प्रश्न, मग मशीनचा सिरियल नंबर, सॉफ्टवेअर व्हर्जन, खोली किती अंधारी वगैरे फॉर्म, तो कंटाळवाणा भाग सोडून देते. मग काही लोकांची फील्ड करून पाठवायची, प्रोटोकॉल प्रमाणेच. 24-2 (कुठले कुठले बिंदू तपासायचे तो नमुना), सिटा स्टँडर्ड (मशीनची तपासायची पद्धत, म्हणजे स्ट्रॅटेजी), स्टिम्युलस म्हणजे उजेडाच्या ठिपक्याचा साइज तीन. ओपीडीत गर्दी असली की आपण पटकन त्यातलीच झटपट होणारी सिटा फास्ट लावतो, इथे ते चालत नाही, कारण पुढची सगळी फील्ड पहिल्या फील्डशी ताडून बघायची असतात आणि मध्येच स्ट्रॅटेजी बदलली की तुलनाच गेली.

लेन्सवर सेंटरचा फार डोळा असतो. उजेड जिथे चमकतात तो मशीनचा बाऊल डोळ्यापासून 30 सेंटिमीटरवर, म्हणून साठीच्या पुढच्या माणसाला लांबच्या नंबरात +3.25 मिळवायचा, आणि लेन्स पातळ कडेची, डोळ्याच्या जवळ. टेस्ट अर्धी झाली की पेशंट हळूहळू डोकं मागे घेतो, मग लेन्सची कड मध्ये येते आणि कागदावर कडेकडेने काळा पट्टा येतो जो अगदी आजारासारखा दिसू शकतो. वरची पापणी उतरलेली असेल तर वरचं फील्ड जातं, तिथे टेप लावायची, पण विचारून लावा हो, आज्या घाबरतात.

जन्मतारीख हा वेगळाच ताप. मशीन पेशंटच्या वयाच्या निरोगी माणसाशी तुलना करतं त्यामुळे तारीख लागतेच, आणि आपल्याकडे अर्ध्या आजी-आजोबांचा वाढदिवस 1 जून, शाळेत गुरुजींनी टाकलेला. आधारवर एक, पेन्शनच्या कागदावर दुसरी. खरी कुठली हे देवाला माहीत, पण एका व्हिजिटला एक आणि पुढच्या व्हिजिटला दुसरी टाकली तर मशीन त्याला वेगळा माणूस समजतं आणि आधीची फील्ड जोडलीच जात नाहीत. सेंटरकडून येणाऱ्या बऱ्याच क्वेरी, म्हणजे शंका, याच असतात असं कोऑर्डिनेटरच म्हणाली.

आता खरी मजा, रिलायबिलिटीचे आकडे, म्हणजे टेस्टवर किती भरवसा ठेवायचा ते. सर्टिफिकेशनच्या फील्डसाठी एक काका आले होते, निवृत्त, एकदम उत्साही. उजेड असो नसो, तालात बटण. फॉल्स पॉझिटिव्ह, म्हणजे उजेड नसताना बटण दाबणं, 15 टक्क्यांच्या वर गेलं की सिटा समोर एक्सएक्स छापतं, यांचं बरंच वर चाललं होतं आणि ग्रेस्केलवर, म्हणजे फील्डच्या करड्या नकाशावर, पांढरे डाग यायला लागले. लोकांना वाटतं फील्ड चांगलं आलं तर बरंच की. ट्रायलमध्ये मात्र हेच घातक, कारण बेसलाइन, म्हणजे सुरुवातीचं फील्ड, अशी फुगलेली असेल तर पुढच्या वेळी माणूस शांतपणे बटण दाबेल आणि कागद म्हणेल आजार वाढला. मी थांबवलं आणि म्हटलं, "काका, यात पास-नापास नाही. मशीन मुद्दाम इतके मंद उजेड दाखवतं की निम्मे तुम्हाला दिसणारच नाहीत, ते तसंच अपेक्षित आहे."
"मग आधी सांगायचं ना, मला वाटलं माझे चुकतायत!"
चहा पिऊन परत केलं, आकडा खाली आला.

फिक्सेशन लॉसवर मात्र माझं सेंटरशी जमलं नाही. मशीन अधूनमधून ब्लाइंड स्पॉटच्या जागी, म्हणजे डोळ्याला मुळातच काही दिसत नाही तिथे, उजेड टाकतं, पेशंटने बटण दाबलं की धरायचं नजर हलली. पण मान किंचित तिरकी असली की ब्लाइंड स्पॉटच सरकतो, आणि एकटक बघणाऱ्या बाईचाही लॉस 20 टक्क्यांच्या मर्यादेच्या वर जातो. एका फील्डवर क्वेरी आलीच. नजर हलली का ते टिपणारी गेझ ट्रॅकची रेघ सपाट होती, मी तेव्हाच कॉमेंटमध्ये लिहिलं होतं की ब्लाइंड स्पॉट परत शोधून घेतला, तेच त्यांना दाखवलं, मान्य झालं. ओएचटीएसमध्ये ही मर्यादा 33 टक्के होती. माझं मत विचाराल तर तेवढी मोकळीक बरी, उगाच थकलेल्या माणसाला परत बसवलं की पुढचं फील्ड अजून वाईट येतं.

सर्टिफिकेट मेलवर आलं, माझ्या टेक्निशियन नंबरसकट. ते फक्त माझं, म्हणजे मी रजेवर असले की ट्रायलच्या पेशंटची व्हिजिट पुढे ढकलायची किंवा दुसरं कोणीतरी सर्टिफाइड हवं. दिवाळीत गावाला जायचंय, म्हणून ज्युनिअर मुलगी आता मॉड्यूल करतेय. तिला सांगितलंय, प्रश्नांची उत्तरं तू देशीलच गं, पण फील्ड पाठवायला जरा अवघड पेशंट निवड, सगळे कॉलेजातले मित्र नको आणूस.