छत वाचलं, दार गेलं

मे महिन्याची दुपार होती. बोनटला हात लावायची सोय नव्हती. नागपूरच्या महाल भागातले एक रिटायर्ड सर मानेवाड्याच्या माझ्या गॅरेजात २००५ ची चंदेरी मारुती ८०० घेऊन आले. पुन्हा पासिंग करायचं होतं. छतावरचा लॅकर, म्हणजे रंगावरचा चकाकीचा थर, कांद्याच्या सालीसारखा उडालेला, खालचा रंग खडूसारखा हाताला लागणारा, आणि मधोमध ताटाएवढा तांबडा गंज.

"छत कापा लागते का भाऊ? एकानं तर भंगारात द्या म्हणून सांगतलं."

मी नखानं खरवडलं. भुकटी निघाली, पत्रा मात्र टणक होता. चुंबक टक्कन बसलं. "काही नाही झालं सर, वरवरचा आहे," म्हटलं आणि सवयीप्रमाणे गाडीभोवती एक चक्कर मारली. ड्रायव्हरच्या दाराच्या खालच्या काठाला आठाण्याएवढा एक फुगा दिसला. रंग शाबूत, नुसता उचललेला. तिथं चुंबक धरेना. पेचकसाचं टोक हलकेच दाबलं, तर दार भाजलेल्या पापडासारखं मोडलं.

बोटभर जाड पुट्टी निघाली. तिच्याखाली ऑइलच्या डब्याचा कापलेला पत्रा, दोन पॉप रिव्हेट मारलेले. पत्र्याचे चारही कोपरे तिरपे छाटलेले. हाताला लागू नये म्हणून कोपरे छाटायची माझी सवय, आजही आहे. माझे कान गरम झाले.

"हे काम कुठं केलं होतं सर?"

सरांनी ज्या दुकानाचं नाव घेतलं, तिथं मी उस्तादांच्या हाताखाली शिकलो. तेव्हा पोरगाच होतो. गाडी संध्याकाळी द्यायची म्हणजे द्यायची, एवढंच कळत होतं. पण खरी चूक त्या डब्याच्या पत्र्याची नव्हती. काचेच्या रबरातून पावसाचं पाणी दारात उतरतंच, ते जायला खाली भोकं ठेवलेली असतात. फिनिशिंग छान दिसावं म्हणून मी पुट्टीनं तीही बुजवली होती. पाणी आत साचलं, वरून कडुनिंबाच्या पाल्याचा चिखल. पुट्टी पाणी पिते, त्यामुळे पत्रा मागून सडत गेला आणि समोर रंग चकाकत राहिला.

मी सरांना सरळ सांगून टाकलं. ते बराच वेळ त्या तुकड्याकडे पाहत राहिले.

"म्हणजे दाराचे पैसे तुम्हीच देणार ना?"

हसले नाहीत. मास्तरच ते!

दारपॅड काढून सडलेला भाग कोऱ्या पत्र्यापर्यंत कापला. नवा तुकडा सीओटू वेल्डिंगनं एकेक टाका देत जोडला, कारण सलग वेल्डिंग मारलं की पातळ पत्रा तापून वाकतो. आतून प्रायमर आणि मेण मारलं. भोकं यावेळी तारेनं तपासली.

छताचं काम सोपं, पण तिथंही एक गंमत निघाली. गंज वाढू नये म्हणून सर दर रविवारी छताला खोबरेल तेल चोळायचे! तसंच पॉलिश पेपर मारलं असतं तर तेल ओरखड्यांत बसलं असतं आणि नवा रंग त्या जागेवरून मागे सरकून माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडले असते. म्हणून आधी साबण, मग ग्रीस काढायचं सॉल्व्हेंट, एका फडक्यानं लावायचं आणि ओलं असतानाच दुसऱ्या कोऱ्या फडक्यानं उचलायचं. मग जाड्यापासून बारीक असा १२०, २२०, ३२० चा पेपर. पत्रा चकाकला, तरी बारीक काळे ठिपके राहिले, त्यांना गंज मारणारं फॉस्फोरिक ॲसिडचं कन्व्हर्टर. ते धुऊन वाळवलं आणि त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर. उघडा पत्रा रात्रभर ठेवणं म्हणजे गंजाला मुक्कामाला बोलावणं. रंग सकाळी साडेसहाला मारला, हळू वाळणारं स्लो थिनर घालून. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी स्प्रे गन धरली तर फवारा पत्र्यावर पोचेपर्यंत अर्धा वाळतो आणि रंग हाताला वाळूसारखा खरखरीत लागतो.

दाराच्या मजुरीचे पैसे घेतले नाही. पत्रा आणि गॅसचे सरांनी बळेच दिले.

गाडी न्यायला आले तेव्हा सरांनी गॅरेजच्या माठातून तांब्या भरून घेतला, दाराच्या काचेवर ओतला आणि धोतर सावरत खाली वाकून बसले. दाराखालून तीन धारा टपटपल्या.

"हं," म्हणाले, आणि किल्ली मागितली.