गिझर ९,८०० चा, खर्च १५,७०० चा

यंदा थंडीच्या तोंडावर आमच्या अमळनेरच्या घरात नवीन गिझर बसवला. जुन्याची टाकी खालून गळत होती आणि मिस्त्रीने बघताच सांगितलं की भाऊ, हिला आता वेल्डिंग नका करू, आतून सडलीय. मग दुकानं, मोबाईलवरचे भाव, शेजारपाजारचे सल्ले असं सगळं सुरू झालं, आणि त्यात एक गोष्ट पक्की कळली की पुण्या-मुंबईचा हिशोब आपल्या खान्देशात चालत नाही. आपल्याकडे गरम पाणी लागतं ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी, फार फार तर चार महिने. मे महिन्यात तर गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी अंगावर घेववत नाही. आणि दुसरं म्हणजे बोअरचं जड, क्षारांचं पाणी. या दोनच गोष्टींवर सगळा खर्च ठरतो, दुकानातल्या पाटीवर नाही.

माय तर सुरुवातीलाच म्हणाली, "इतला पैसा कसाले घालस, बंब शे ना." बंब आहे, तांब्याचा आहे, चांगला आहे, पण जळण कुठून आणायचं? पूर्वी शेतातून कपाशीच्या काड्या, तुराट्या गाडीभर यायच्या. आता बरेच जण यंत्र फिरवून काड्यांची शेतातच कुट्टी करतात, आणि ते जमिनीसाठी चांगलंच आहे. वखारीतून लाकूड विकत घेऊन पाच माणसांचं पाणी तापवायचं म्हटलं तर ते स्वस्त राहत नाही, आणि पहाटे धुरात बसायचं तिलाच. ते मला नकोच होतं.

आता विजेचा हिशोब सांगतो, हा कोणीही घरी करू शकतो. एक लिटर पाणी एक डिग्रीने तापवायला साधारण ४.२ किलोज्यूल लागतात आणि विजेचं एक युनिट म्हणजे ३,६०० किलोज्यूल. थंडीत सकाळी टाकीचं पाणी २० डिग्री धरा, अंघोळीला ४० पाहिजे, बादली २० लिटरची. म्हणजे एका बादलीला जवळपास अर्धं युनिट. आम्ही पाच जण, अडीच युनिट, वर टाकीतून जाणारी उष्णता धरून तीन. महिन्याला ९० युनिट! आणि मेख इथेच आहे, कारण महावितरणचा घरगुती दर १०० युनिटच्या वर गेला की जवळपास दुप्पट होतो, आणि पंखे बंद असले तरी फ्रिज, टीव्ही, पाण्याची मोटर यातच आमचे पहिले शंभर संपतात. म्हणजे गिझरचे ते ९० युनिट सगळे महागड्या स्लॅबमध्ये, ११ रुपये धरले तरी महिन्याला हजार, चार महिन्यांचे चार हजार. पाच वर्षांत वीस हजार रुपये, गिझरच्या किमतीच्या दुप्पट. हे दुकानात कोणी सांगत नाही.

गॅस गिझर खरं तर चालवायला विजेपेक्षा बराच स्वस्त पडतो. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये अंदाजे १८० युनिटइतकी उष्णता असते, वाया जाणारी वजा केली तरी १४०-१४५ हाती लागते, म्हणजे आमचा अख्खा हिवाळा दोन-सव्वादोन सिलिंडरमध्ये निघाला असता. विजेच्या निम्मा खर्च. तरी मी तो घेतला नाही कारण आमचं न्हाणीघर लहान आहे, खिडकी म्हणजे वर एक झरोका, तोही थंडीत बंद. बंद जागेत गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साईड तयार होतो, त्याला वास नाही रंग नाही, माणसाला चक्कर येते आणि कडी आतून लावलेली असते. ज्यांना गॅस गिझर घ्यायचाच आहे त्यांनी कृपा करून तो न्हाणीघराच्या बाहेर, उघड्या हवेत लावावा आणि फक्त पाईप आत घ्यावा. पाईपचे चार पैसे जास्त जाऊ द्या.

सोलरचं मन खूप होतं. ऊन आपल्याइतकं कोणाकडे आहे? १०० लिटरचा काचेच्या नळ्यांचा सोलर १८-२० हजाराला सांगितला, सपाट तांब्याच्या पॅनलचा तीसच्या वर. सोलर वॉटर हीटरवर जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झालाय, विजेच्या गिझरवर मात्र १८ आहे. पण वर्षाला वाचणार चारच हजार, कारण आपल्याला चारच महिने लागतं, म्हणजे नुसते पैसे वसूल व्हायला पाच वर्षं, त्यात स्टँड, थंड पाण्याची टाकी उंच करणं, गच्चीपासून खालपर्यंत कापड गुंडाळलेला गरम पाण्याचा पाईप हे धरलेलंच नाही. पाईप लांब असला की आधी चार-पाच लिटर गार पाणी सोडून द्यावं लागतं, आणि आमच्याकडे पाण्याची काय गत असते ते वेगळं सांगायला नको. जिथे माणसं जास्त आहेत, वर्षभर गरम पाणी वापरतात, तिथे सोलरच घ्यावा असं माझं मत आहे. आणि हो, पीएम सूर्यघरचं ७८ हजारापर्यंतचं अनुदान हे छतावर वीज तयार करण्यासाठी आहे, पाणी तापवायच्या सोलरला ते मिळत नाही. आमच्या गल्लीत दोघा-तिघांचा हा गैरसमज होता.

तर शेवटी २५ लिटरचा विजेचाच घेतला, ९,८०० ला. मग त्याच्यावर हे बघा: दोन्ही पाईप आणि व्हॉल्व्ह ६००, गिझरसाठी मीटरपासून वेगळी वायर, १६ अँपिअरचा सॉकेट आणि एमसीबी मिळून २,७००, आरसीसीबी म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच १,९००, बसवणाऱ्याचे ७००. झाले १५,७००. वायर आणि आरसीसीबीचे पैसे लोक सर्रास वाचवतात, आणि मला याचा मनापासून राग येतो. जुन्या घरांत तीन पिनांचा सॉकेट असतो पण वरच्या पिनेला अर्थिंगची वायरच जोडलेली नसते! कॉईल फुटली की करंट थेट पाण्यात उतरतो, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असेल तर तो क्षणात सप्लाय तोडतो. घरात ओल्या पायाची लहान पोरं आहेत, तिथे १,९०० रुपयांचा विचार करायचा नसतो.

पाण्याचं म्हणाल तर जड पाणी कॉईलवर पांढरी खपली धरतं. बिल त्याने फार वाढत नाही, उष्णता शेवटी पाण्यातच जाते, पण कॉईल आतल्या आत तापून जळते. पाणी जितकं जास्त तापवाल तितकी खपली जास्त, म्हणून नॉब ५५-६० वर ठेवायचा, ७५ वर नाही. टाकीत मॅग्नेशियमचा एक रॉड असतो, तो टाकीच्या बदल्यात स्वतः झिजतो, तो संपला की गंजाची पाळी टाकीची. आमच्या जुन्या गिझरचा रॉड उघडला तर नुसती तार उरलेली होती. तो पाच-सातशेला बदलून मिळतो, म्हणून आता दर दिवाळीला बघायचा असं मिस्त्रीशी ठरवून ठेवलंय.

गिझरवरच्या वीजबचतीच्या स्टारबद्दल एकच, ते टाकीतून २४ तासांत किती उष्णता जाते त्यावर असतात. वीस-पंचवीस मिनिटं लावून बंद करणाऱ्यांनी एका स्टारसाठी दीड-दोन हजार जास्त देऊ नयेत, त्यापेक्षा आतून काचेचा लेप असलेली टाकी घ्यावी. वॉरंटी वाचताना टाकीची किती, कॉईलची किती, आणि जड पाण्याने खराब झालं तर धरणार का, हे तिन्ही दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या. मला ते पहिल्या दुकानात लिहून दिलं नाही म्हणून मी तिथून घेतलाच नाही, दुसऱ्याने दिलं, भाव तीनशे जास्त होता.