पत्रास कारण की

१९७२ साली व्यापारी जहाजांवरचे अधिकारी घडवणारी ‘डफरिन’ बोट निवृत्त झाली आणि तिच्या जागी ‘राजेंद्र’ हे प्रशिक्षण जहाज आलं. आपल्या शाळेतून बाहेर पडलो तो मी थेट मुंबई बंदरात उभ्या असलेल्या या ‘राजेंद्र’वर. भल्या पहाटे अनवाणी पायांनी डेक घासायचा, मग वल्ही मारायची, गाठी बांधायच्या. बोलाइन ही गाठ अंधारात, ओल्या दोरावर बांधता आली पाहिजे असा दंडक होता. आजही हात ती आपोआप बांधतात.

१९७४ च्या एप्रिलात कॅडेट म्हणून पहिल्या मालवाहू बोटीवर चढलो. सुएझ कालवा १९६७ पासून बंद होता, तो उघडला १९७५ च्या जूनमध्ये. त्यामुळे युरोपला जायचं तर आफ्रिकेला वळसा. एरवी मुंबईहून लंडन सहा हजार दोनशे सागरी मैलांच्या आसपास, तेच या वाटेने दहा हजार सातशे. महिनाभर नुसतं पाणी! केप ऑफ गुड होपजवळच्या लाटांनी मला चार दिवस आडवं केलं. सारंगचाचांनी हातात कोरडी चपाती आणि गंज काढायची हातोडी दिली. म्हणाले, “बसू नको. काम कर, उतरेल.” उतरलं.

सारंग म्हणजे खलाशांचा मुकादम. हे चाचा आपल्याच रत्नागिरीकडचे, तीस वर्षं दर्यावर काढलेले. पण लिहिता येत नव्हतं. डेकवर मला ‘साब’ म्हणायचे. एका रात्री मात्र माझ्या केबिनच्या दारात उभे राहिले, हातात निळं हवाई पत्र. “बाबू, घरी चार ओळी लिव.”

मी सवयीने ‘पत्रास कारण की’ लिहिलं. मराठीच्या बाईंनी पाचवीपासून घटवून घेतलेला मायना. चाचा बराच वेळ गप्प होते. मग बोटांवर दिवस मोजत म्हणाले, “लिव, पावसाआदी कौलं चाळून घ्या. पडवीच्या कोपऱ्यातलं आधी बगा.” हँबुर्गला पत्र टाकणार, तिथून गावी कधी पोचणार, मृग कधी लागणार, असा सगळा हिशेब डोक्यात चालला होता. मला दोनदा वाचून दाखवायला लावलं. मग अंगठा उमटवून घडी घातली.

पुढे रोज कुणी ना कुणी यायचं, सुकानी, भंडारी म्हणजे स्वयंपाकी, कसाब म्हणजे बोटीचं कोठार सांभाळणारा. दुपारी बाराला सेक्स्टंट या कोनमापकाने सूर्याची उंची घ्यायची आणि रात्री पत्रं लिहायची, हीच माझी पहिली सफर. कुणाच्या पोरीचं लग्न, कुणाचं कर्ज, कुणाच्या गाईला वासरू. समुद्र मला या पत्रांतून जास्त कळला.

जूनमध्ये अँटवर्पला एजंट टपाल घेऊन बोटीवर आला. चाचांच्या घरचं पत्र होतं, गावातल्या मास्तरांकडून लिहून घेतलेलं. कौलं वेळेत चाळून झाली होती. खाली एक ओळ : पत्र कुणी लिहिलं, अक्षर मोत्यासारखं आहे.

मी चाचांना बाईंबद्दल सांगितलं, शाळेचं नाव सांगितलं. पुढच्या पत्रात ते नाव त्यांनी माझ्याकडून मुद्दाम लिहून घेतलं.