फेरोमोनवर आफ्टरशेव्ह की कोलोन? माझा अनुभव

फेरोमोन म्हणजे एका प्राण्याने सोडलेलं, त्याच जातीच्या दुसऱ्यावर परिणाम करणारं रसायन. त्याच्या नावाने विकलं जाणारं तेल अंगाला लावलं की त्याचा दर्प झाकायला वर आफ्टरशेव्ह लावावा की कोलोन, हा इथला प्रश्न. अशा बिनवासाच्या, म्हणजे वरून सुगंध न घातलेल्या तेलाचा एक थेंब कोऱ्या टिपकागदावर टाका आणि पंधरा मिनिटांनी हुंगा. त्यात अँड्रोस्टेनोन हा फेरोमोन म्हणून वापरला जाणारा रेणू असेल तर कुणाला शिळ्या घामाचा दर्प येईल, कुणाला मुतारीचा, तर कुणाला चक्क काहीच येणार नाही. नाकात वास टिपणाऱ्या ओआर७डी४ नावाच्या प्रथिनाचा जनुक प्रत्येकात थोडा वेगळा असतो, त्यामुळे हा फरक पडतो. हे 2007 साली समोर आलं. म्हणून आफ्टरशेव्ह की कोलोन हे ठरवण्याआधी तो कागद घरातल्या दोघा-तिघांना हुंगायला द्यावा. आपल्याला वास येत नाही म्हणून समोरच्यालाही येत नसेल, असं धरून चालू नये. ज्यांना तो येतच नाही तेच दोनाचे सहा थेंब लावून बसतात.

एक गोष्ट आधी स्पष्ट सांगतो. ‘फेरोमोन’ हा शब्द 1959 मध्ये कार्लसन आणि ल्युशर या शास्त्रज्ञांनी रूढ केला, आणि त्याच वर्षी बुटेनांट यांनी रेशमाच्या पतंगातलं बॉम्बिकॉल हे फेरोमोन शोधलं. डुकराच्या नराच्या लाळेतलं अँड्रोस्टेनोन मादीवर काम करतं, हेही पक्कं आहे. माणसात मात्र असा एकही पदार्थ अजून निर्विवाद सिद्ध झालेला नाही. बाटलीवर कितीही मोठा दावा छापलेला असला तरी आपल्या हातात असतो तो फक्त वास. तो चांगला जमवला तर समोरच्याला प्रसन्न वाटतं, आणि त्यासाठी एवढी खटपट करणं मला योग्य वाटतं.

आता मूळ प्रश्न. आफ्टरशेव्हमध्ये सुगंधी तेल साधारण 1 ते 3 टक्के असतं, कोलोनमध्ये 2 ते 5, ओ द टॉयलेटमध्ये 5 ते 15. बाकी बहुतेक अल्कोहोल आणि पाणी. आफ्टरशेव्हचं काम दाढीनंतर त्वचा शांत करण्याचं. त्याचा सुवास तासाभरात उडतो. कोलोन दोन-तीन तास टिकतं, कारण त्याचा पिंडच लिंबू, संत्रं, बर्गमॉट (लिंबाच्या जातीचं फळ) आणि रोझमेरी अशा हलक्या वासांचा. 1709 मध्ये जर्मनीतल्या कोलोन शहरात फरिना घराण्याने ते विकायला सुरुवात केली तेव्हापासून त्याची ओळख हीच. उलट अँड्रोस्टेनोनसारखे रेणू जड आणि चिवट असतात, दिवसभर हलत नाहीत. सगळी अडचण इथे आहे. सकाळी नऊला कोलोनखाली दर्प छान झाकला जातो, बाराला कोलोन विरतं, आणि उरतो तो एकटा दर्प. झाकणारा वास झाकायच्या वासाआधी संपला तर उपयोग काय?

त्यामुळे माझं उत्तर असं: आफ्टरशेव्ह त्वचेसाठी, आणि वासासाठी कोलोन. पण खाली टिकाऊ बैठक असलेलंच. चंदन, वाळा, देवदार किंवा कस्तुरीसारखा मस्क. लेबलवर ‘कोलोन’ लिहिलेलं असतं म्हणून नुसतं नाव पाहू नये. आपल्याकडे तो शब्द फार सैल वापरतात. कागदावर एक फवारा मारून चार तासांनी काय उरतं ते पाहावं. चंदनाचा गोडवा उरत असेल तर घ्या, नुसता कागदच उरत असेल तर ते फेरोमोनला झाकू शकणार नाही. आमच्या इंदूरला राजवाड्याकडच्या बाजारात वाळ्याचं अत्तर सहज मिळतं. फेरोमोनशेजारी ते फार छान बसतं. कापसाच्या फायावर अर्धा थेंब पुरे.

लावण्याचा क्रम चुकला तर सगळं बिघडतं. आंघोळ, मग दाढी, मग गार पाणी. तुरटीचा ओला खडा फिरवून मिनिटभराने तो धुवून टाकायचा. त्यावर बिनवासाचा बाम. अल्कोहोलचा आफ्टरशेव्ह हवाच असेल तर तो याच टप्प्यावर लावावा, कधीही शेवटी नाही. शेवटी लावला तर अल्कोहोल फेरोमोनचं तेल उचलून तळहातावर आणतं, मग तोच हात रुमालाला, गाडीच्या हँडलला, सगळीकडे. वाट पाहायची पंधरा मिनिटं. ताज्या वस्तऱ्याच्या त्वचेवर फेरोमोन किंवा कोलोन लावलं की भगभग होते, कधी पुरळही येतं. नवी बाटली असेल तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंब लावून दोन दिवस पाहायचे.

मग छातीच्या मध्यावर, शर्टाच्या आत, फेरोमोनचे दोन थेंब. रोल-ऑन असेल तर एकच फेरा. गळ्यावर, हनुवटीखाली लावू नये. जेवताना आपल्याच नाकात येतं. दहा मिनिटांनी त्याच्या वर कोलोनचे दोन फवारे, एक वीत अंतरावरून. इंदूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात बर्गमॉटचं कोलोन उघड्या मानेवर मारू नका. बर्गमॉटच्या तेलातलं बर्गाप्टेन उन्हाने त्वचेवर काळपट डाग पाडतं, आणि ते महिनोन्‌महिने जात नाहीत. कॉलरखालीच ठेवावं.

ऋतूप्रमाणे हात बदलायला हवा. मे महिन्याच्या कोरड्या चाळीस-बेचाळीस अंशांत कोलोन फार लवकर उडतं. दुपारी एक फवारा पुन्हा मारायला खिशात दहा मिलीची छोटी फवाऱ्याची बाटली बाळगा, पण फेरोमोन पुन्हा लावू नका. श्रावणातल्या दमट हवेत वास जड होतो, तेव्हा एकच थेंब. थंडीत स्वेटरच्या लोकरीत तो मुरतो, म्हणून स्वेटर घालण्याआधी त्वचा कोरडी असल्याची खात्री करावी. रात्री सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या खाऊगल्लीत जायचं असेल, भुट्ट्याचा कीस, तुपात तळलेलं गराडू (एक कंद) आणि खेटून चालणारी गर्दी, तर फेरोमोन घरीच राहू द्यावं. तिथल्या तुपाच्या वासाशी त्याचं जमतच नाही. फार तर वाळ्याचा फाया.

रेशीम, लोकर आणि धुवायला अवघड कपड्यांवर फेरोमोन कधीच लावू नये. सुती बनियनवर सांडलं तर गार पाण्याने भागत नाही. कोमट पाण्यात साबणाची पूड घालून अर्धा तास भिजवा, मग चोळा. अंगावरचंही नुसत्या पाण्याने निघत नाही. रात्री साबणाआधी ओलं बेसन चोळलं की तेल सुटून येतं. हे टाळलं तर उशीच्या अभ्र्यात तो दर्प मुरतो आणि दोनदा धुतल्याशिवाय जात नाही.